पाच दिवसांच्या गोळ्या

मेडिकलच्या काउंटरमागे काही वर्षं काढली की माणूस काय मागतो यापेक्षा कसं मागतो हे आधी कळायला लागतं. खोकल्याचं औषध दारातूनच मागितलं जातं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची तर आता गावात उघड चर्चा होते, कुणाची किती मिलिग्रॅमवर गेली याची. पण एक चिठ्ठी चार घड्या घालून येते. दुकानात उभ्या असलेल्या चारपैकी दोघांची एकमेकांशी सोयरीक निघावी, असं आमचं परभणी जिल्ह्यातलं मानवत. तिथं मूल होण्याच्या उपचाराची चिठ्ठी काउंटरवर उलगडणं म्हणजे घरातली गोष्ट चौकात सांगणं. काउंटरला मी असले तर ती चिठ्ठी माझ्याकडे सरकते. माझे मिस्टर असले तर बाई डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेऊन निघून जाते आणि संध्याकाळी परत येते.

मी डी.फार्म. झालेली. दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं, त्यामुळे काय द्यायचं आणि काय नाही याची जबाबदारीही माझीच. त्या घडीच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा दोनपैकी एक नाव असतं: क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल. रोज एक, पाच दिवस. किंमत बेताची. गावात या गोळ्यांना ‘पोरं व्हायच्या गोळ्या’ म्हणतात. खरं तर त्या फक्त अंडं तयार व्हायला मदत करतात. मूल होणं त्याच्या पुष्कळ पुढची गोष्ट. या दोन गोष्टींमधलं अंतर समजावून सांगणं, हे माझं या बाबतीतलं मुख्य काम होऊन बसलं आहे.

ज्या बाईच्या अंडाशयातून दर महिन्याला अंडं बाहेर पडत नाही, तिच्यासाठी ही औषधं. पीसीओएस हा संप्रेरकांचा बिघाड हे त्याचं नेहमीचं कारण. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. क्लोमिफीन मेंदूत इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. मेंदूचा समज होतो की शरीरात इस्ट्रोजेन कमी पडलंय. मग पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक वाढवते आणि त्या जोरावर अंडाशयातला एखादा फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, वाढीला लागतो. लेट्रोझोल दुसऱ्या वाटेनं तिथंच पोचते: इस्ट्रोजेन तयार करणारं एन्झाइमच ती काही दिवस रोखून धरते. म्हणजे दोन्ही गोळ्या बाहेरून काही भरत नाहीत, शरीराचीच यंत्रणा जोरात पळवतात. गर्भनलिका बंद असतील किंवा नवऱ्याचे शुक्राणू कमी असतील, तर ही यंत्रणा कितीही पळवली तरी उपयोग नाही. आणि जिचं अंडं आधीच वेळेवर तयार होतंय, तिनं आपल्या मनानं गोळी घेतली तर फायदा नावापुरता; एकाऐवजी दोन-तीन अंडी वाढण्याचा धोका मात्र खरा.

क्लोमिफीन काही नवीन औषध नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीत फ्रँक पॅलोपोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ते तयार केलं. १९६१ मध्ये रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी त्यानं अंडं बाहेर पडतं हे दाखवून दिलं आणि १९६७ मध्ये तिकडच्या सरकारनं परवानगी दिली. साठ वर्षं जगभर वापरलं गेलेलं औषध, म्हणून त्याच्या खोड्याही नीट माहीत झालेल्या. धोका औषध अनोळखी असल्याचा नाही. ते फार ओळखीचं झालंय, हा आहे.

या ओळखीचा नमुना म्हणजे रिकामी स्ट्रिप घेऊन येणाऱ्या सासवा. पदरातून स्ट्रिप निघते, कात्रीनं अर्धी कापलेली, नावाची अर्धी अक्षरं गेलेली.

“ह्याच्या एवढ्या पाच गोळ्या दे माय.”

“मावशी, चिठ्ठी कुठंय?”

“चिठ्ठी कामून लागती? आमच्या भावकीतल्या सुनंला ह्याच्यानंच राहिलं. आता ह्या सुनंला देऊन बघाव म्हणलं.”

“सुनंला दाखवलंय का कुठं?”

“दाखवायला काय झालंय तिला? धडधाकट हाय.”

मावशींचा हेतू वाईट नसतो. दवाखान्याचा खर्च आणि पायपीट वाचावी, एवढंच त्यांच्या मनात. क्लोमिफीन शेड्यूल एचमध्ये येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही. पण कायद्याचं नाव काढलं की समोरच्या माणसाला वाटतं दुकानदार अंग चोरतोय. म्हणून मी कायदा बाजूला ठेवून कारणं सांगते. सुनेची पाळी लांबलीय ती आधीच दिवस गेल्यामुळे तर नाही ना? पोटातल्या जिवावर ही गोळी पडायला नको. अंडाशयात आधीच गाठ असेल तर ती गोळीनं वाढू शकते. मधेच अंगावरून जात असेल आणि त्याचं कारण कळलेलं नसेल, लिव्हरचा आजार असेल, थायरॉइड ताब्यात नसेल, तर ही गोळी सुरूच करत नाहीत. भावकीतल्या सुनेचं यातलं सगळं तपासलेलं होतं, म्हणून तिला ती लागू पडली. रिकाम्या स्ट्रिपवर गोळीचं नाव येतं, तपासण्या येत नाहीत.

काही मावशी ऐकतात. काही रागावून जातात. थायरॉइडचा मुद्दा मात्र चटकन पटतो, कारण घराघरात कुणी ना कुणी त्याची गोळी घेतंय. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्यांतच कधी कधी पाळी बिघडण्याचं कारण सापडतं, आणि मग अंडं वाढवायच्या गोळीऐवजी त्या दुखण्याचीच गोळी द्यावी लागते.

चिठ्ठी रीतसर असली तरी पुढचा अडथळा दिवस मोजण्याचा. डॉक्टर लिहितात, पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. पाळीचा पहिला दिवस कोणता? डाग दिसला तो, की नीट रक्तस्राव सुरू झाला तो? धरायचा तो रक्तस्रावाचा. पण आमच्याकडे आणखी एक हिशेब आहे. पाळीत बाजूला बसण्याची रीत अजून बऱ्याच घरांत पाळली जाते, आणि डोक्यावरून न्हाऊन स्वयंपाकघरात परत आलं की तिथून दिवस मोजायची सवय जुन्या बायकांना असते. डॉक्टरांचा तिसरा दिवस आणि सासूबाईंचा तिसरा दिवस यांत चार-पाच दिवसांचं अंतर पडतं. गोळी उशिरा सुरू झाली की सोनोग्राफीची तारीख चुकते आणि पुढचा सगळा महिना हलतो. म्हणून मी स्ट्रिपच्या पाकिटावर बॉलपेननं तारखाच लिहून देते: या तारखेपासून या तारखेपर्यंत, रोज याच वेळेला. ‘तिसरा दिवस’ हे शब्द मी लिहीत नाही.

पाळीच येत नसेल तर डॉक्टर आधी ती आणण्याच्या गोळ्या देतात. बाई त्या घेते, पाळी येते, आणि तिला वाटतं उपचार झाला. अंड्याची गोळी त्यानंतर सुरू करायची असते हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. दवाखान्यात गर्दी असते, सांगितलेलं अर्धं ऐकू येतं, उरलेलं धाकानं विचारलं जात नाही. माझ्या काउंटरवर ते विचारलं जातं, कारण इथं नंबर लावावा लागत नाही.

भाद्रपदात वेगळीच पंचाईत. महालक्ष्म्या जवळ आल्या की पाळी लांबवायच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते. घरात महालक्ष्म्या बसायच्या आणि नेमकी सुनेची पाळी आली तर पुरणावरणाचं कोण बघणार? उपचार चालू असलेली बाईही त्या रांगेत असते. तिला थांबवावं लागतं. अंडं वाढवायची गोळी घेतलेल्या महिन्यात पाळी चुकली तर ती दिवस गेल्याचीही खूण असू शकते. त्यात आपल्या मनानं हार्मोनची दुसरी गोळी घेतली तर डॉक्टरांनाही पुढे काही उमगत नाही. अशा वेळी मी बाईशी बोलण्यापेक्षा सासूबाईंशी बोलते. ‘पाळी लांबली तर ती चांगल्या कारणानं लांबली असंल, आधी बघून तर घ्या,’ म्हटलं की त्या हसतात आणि महालक्ष्म्यांची व्यवस्था धाकट्या जावेकडे जाते.

खरी अवघड जागा सोनोग्राफीची. गोळ्या घेतल्यावर पाळीच्या साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून एकाआड एक दिवस अंडाशयाची सोनोग्राफी करतात. फॉलिकल किती मिलिमीटरचा झाला, एकच वाढतोय की तीन-चार, गर्भाशयाचं अस्तर किती जाड झालं, हे त्यात दिसतं. फॉलिकल अठरा-वीस मिलिमीटरच्या आसपास गेला की पुढचं ठरतं. दवाखान्यात याला फॉलिक्युलर स्टडी म्हणतात, आमच्या बायका ‘अंडं बघायची सोनोग्राफी’ म्हणतात. औषध सुरक्षित राहतं ते या बघण्यामुळे. गोळी लागू पडली की नाही, डोस वाढवायचा की कमी करायचा, जास्त अंडी वाढली म्हणून हा महिना सोडून द्यायचा का, हे ठरवायला दुसरा रस्ता नाही. ही एक गोष्ट गाळली तर डॉक्टरांची चिठ्ठीही रिकाम्या स्ट्रिपच्याच पंक्तीला जाऊन बसते.

आता हे मानवतला बसवून बघा. बरेच उपचार परभणीच्या डॉक्टरांकडे चालतात. कल्याण-निर्मल महामार्गावरून पस्तीसेक किलोमीटर एसटी नाहीतर जीप, तिथं नंबर, परत. एका महिन्यात असं तीन-चार वेळा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाई एक दिवस शेतातून उठली तर मजुरी बुडते, चार दिवस उठली तर मुकादम दुसरी बाई बघतो. आणि वेचणीचे दिवस कुणाच्या पाळीला विचारून येत नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं तर आणखी अवघड. दिवाळीनंतर ती निघतात ते उन्हाळा लागल्यावर परततात. उपचाराची फाइल घरी पत्र्याच्या पेटीत आणि बाई पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात. फोन येतो, “ताई, मागच्याच गोळ्या गावाकडून येणाऱ्या माणसाजवळ द्या.” मी देत नाही. तिकडे जवळच्या गावात दाखवा, तिथली चिठ्ठी घ्या, असं सांगते. सांगताना मलाही ठाऊक असतं की कोयता बाजूला ठेवून सोनोग्राफीला जाणं तिच्या हातात नाही. म्हणून अशा जोडप्यांना मी सुचवते की उपचार चालू करायचा तर डॉक्टरांना आपला हंगाम सांगा. पावसाळ्यातले तीन-चार महिने नीट करा, अर्धवट वर्षभर ओढू नका. डॉक्टर हे मान्य करतात. फक्त त्यांना कुणी सांगत नाही.

लेट्रोझोलची गोष्ट वेगळी. तिच्याबाबत लोकांना ओळख नाही, भीती आहे. हातात मोबाइल आल्यापासून गोळी घरी पोचायच्या आत तिचं नाव शोधलं जातं. मग फोन: “ताई, ही तर कॅन्सरची गोळी हाय. डॉक्टर काय लपवून राह्यलेत?” लपवत कुणी नसतं. लेट्रोझोल स्तनाच्या कर्करोगासाठीच आली, पाळी गेलेल्या बायकांसाठी. २००१ च्या सुमारास कॅनडातल्या मितवाली आणि कॅस्पर या डॉक्टरांनी ती अंडं तयार होण्यासाठी वापरून पाहिली आणि तिथून तिचा दुसरा जन्म झाला. २००५ मध्ये एका परिषदेत मांडलेल्या निष्कर्षांमुळे बाळांत व्यंग येतं का अशी शंका उठली. पुढच्याच वर्षी नऊशेहून जास्त बाळांच्या अभ्यासानं त्या शंकेला आधार दिला नाही. तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीओएस असलेल्या ७५० बायका, निम्म्यांना क्लोमिफीन, निम्म्यांना लेट्रोझोल, जास्तीत जास्त पाच महिने. लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के. २०१७ मध्ये भारतातली बंदी उठली. आता पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोललाच देतात.

हा सगळा इतिहास काउंटरवर सांगता येत नाही. मी एवढंच सांगते की कॅन्सरच्या बाईला ती रोज, वर्षानुवर्षं देतात. तुम्हाला महिन्यात पाच दिवस. काम तेच, इस्ट्रोजेन कमी करण्याचं, पण हेतू निराळा. आणि ते १९.१ आणि २७.५ चे आकडे मी मुद्दाम सांगते. ऐकून बाई गप्प होते, कारण तिच्या मनात आकडा शंभराचा असतो. नीट निवडलेल्या, नीट तपासलेल्या बायकांतही चार-पाच जणींमागे एकीलाच यश आलं, हे कळलं की पहिल्या महिन्यात पाळी आल्यावर ती स्वतःला दोष देत नाही. हाही सुरक्षिततेचाच भाग, असं मला वाटतं. कारण पहिला महिना वाया गेला की पुढच्या महिन्यात दुप्पट गोळ्या घ्यायचा मोह होतो. क्लोमिफीनचा डोस पन्नास मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि तो वाढवायचा तर सोनोग्राफी बघून, पायरीपायरीनं. दोन गोळ्या घेतल्या म्हणून दोन महिन्यांचं काम एका महिन्यात होत नाही.

क्लोमिफीनच्या त्रासांपैकी अंगातून वाफा निघणं, डोकं दुखणं, पोट फुगणं, उगाच रडू येणं हे बायका आपण होऊन सांगतात आणि सोसतातही. एक त्रास मात्र विचारल्याशिवाय कळत नाही: डोळ्यांपुढे धूसर दिसणं, ठिपके किंवा चमक दिसणं. तसं झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं, ही ताकीद मी प्रत्येकीला देते. शाळेवर स्कूटीनं जाणाऱ्या बाईंना तर आवर्जून, कारण अशा वेळी गाडी चालवणं घातक. जुळ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा वाढतं, शंभरात साधारण पाच ते आठ. जुळं म्हटलं की घरात पेढे आठवतात. पण लवकर होणारी बाळंतपणं, कमी वजनाची बाळं, ती ठेवायची काचेची पेटी कुठं मिळेल, हेही त्यात आलं. आणि क्वचित, पण विसरू नये असं: पोट भराभर फुगलं, वजन एक-दोन दिवसांत वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. अंडाशय गरजेपेक्षा जास्त चेतवलं गेल्याची ती लक्षणं. गोळ्यांपेक्षा इंजेक्शनांच्या उपचारात ती जास्त दिसतात.

इंजेक्शनांचा विषय निघाला म्हणून एक सांगते. अंडं पुरेसं वाढलं की ते फुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन देतात. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत लघवीतलं नेमकं हेच एचसीजी तपासलं जातं. त्यामुळे इंजेक्शननंतर चार-सहा दिवसांत कुणी चाचणीची पट्टी आणून बघितली तर दोन रेषा येतातच, दिवस गेलेले असोत वा नसोत. त्या दोन रेषांवर माहेरी फोन जातात, नारळ फोडला जातो, आणि मग पाळी येते. तेव्हा ‘पोटातलं पडलं’ म्हणून घरात सुतक उतरतं. मुळात पडायला काही नव्हतंच. एचसीजीचं बिल करताना मी प्रेग्नन्सी किट त्याच दिवशी देत नाही. दोन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील त्या तारखेला न्या, म्हणते. दोन-चार दिवसांचा आनंद हिरावून घेतल्यासारखं वाटतं खरं, पण नंतरचं दुःख त्याहून मोठं असतं.

आता नवऱ्यांबद्दल. मूल होण्यातली अडचण जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही असते, एकट्याकडे किंवा बायकोच्या जोडीनं. वीर्याची तपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी, बिनदुखण्याची आणि सोनोग्राफीच्या एका फेरीपेक्षा स्वस्त. तरी ती सगळ्यात शेवटी होते. बाईच्या फाइलमध्ये सहा-सहा महिन्यांच्या सोनोग्राफ्या सापडतात आणि नवऱ्याचा एक कागद सापडत नाही. मी चिठ्ठी बघताना सहज विचारते, “दादांचा रिपोर्ट झालाय ना?” बाई मागे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाकडे बघते आणि हळूच मान हलवते, नाही म्हणून. मग मी तिला काही म्हणत नाही. दादांनाच आत बोलावते आणि सांगते की तुमचा रिपोर्ट नसेल तर या गोळ्या आंधळ्या आहेत, पैसे वाया जातील. पुरुषाला पैशाची भाषा लवकर कळते. गाडी आता वळणावर येतेय, हळूहळू. काही पुरुषांच्या चिठ्ठ्यांवर आता क्लोमिफीनच लिहून येते; शुक्राणू वाढवण्यासाठी काही डॉक्टर ती वापरतात. ‘बायकांची गोळी’ आपल्या नावावर बघून त्यांचा चेहरा उतरतो. मी ती खाकी पिशवीत घालून देते, बायकांना देते तशीच.

हे सगळं मानवतला लिहितेय म्हणून एक जुनी गोष्ट टाळता येत नाही. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं की अजून लोक ‘ते खुनांचं मानवत का?’ असं विचारतात. १९७२ ते १९७४ या काळात इथं लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून पडले. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात गुप्तधनाचा आणि मूल व्हावं या इच्छेचा धागा पुढे आला, मुंजाला रक्त देण्याच्या अघोरी समजुतीसकट. न्यायालयात कुणावर काय टिकलं हा वेगळा विषय. २०२४ मध्ये त्यावर वेबमालिका आली आणि नव्या पिढीलाही ते कळलं. मला त्या प्रकरणातली एक बाजू कायम टोचते. मूल नसण्याचं ओझं किती असू शकतं, हे या गावानं फार भयंकर रीतीनं पाहिलं आहे. त्या वेळी क्लोमिफीन जगात आलेली होती, पण इथं मूल नसलेल्या बाईला अंगारा आणि गंडा सहज मिळायचा, तपासणी नाही. आज गोळी पोचली आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण रिकामी स्ट्रिप घेऊन आलेल्या मावशींच्या बोलण्यात मला कधी कधी तोच सूर ऐकू येतो: अमकीला गुण आला, मला पण द्या. गोळीकडे अंगाऱ्यासारखं बघितलं की औषधसुद्धा अंधश्रद्धेचंच काम करतं.

म्हणून थांबायचं कधी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अंगाऱ्याला शेवट नसतो, औषधाला असतो. क्लोमिफीन साधारण सहा महिन्यांपलीकडे ओढत नाहीत. तेवढ्यात अंडं तयार होऊनही दिवस राहिले नाहीत तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: नलिका, शुक्राणू, आणखी काही. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तेवढीही वाट बघत नाहीत. वर्षाहून जास्त काळ ही गोळी घेत राहण्याचा संबंध अंडाशयाच्या गाठींशी असू शकतो का, अशी शंका १९९४ मधल्या एका अभ्यासानं काढली होती; पुढच्या अभ्यासांनी ती बरीच निवळली, पण मर्यादा पाळण्याची शिस्त राहिली ती चांगलीच. तरी दोन-दोन वर्षं तीच चिठ्ठी झेरॉक्स काढकाढून वापरणाऱ्या बायका येतात. चिठ्ठीवरची तारीख बघणं हे माझं काम; जुनी असेल तर मी परत करते आणि म्हणते, डॉक्टरांना विचारा, आता पुढे काय. त्यात आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, असेल, टेस्ट ट्यूब असेल. त्यासाठी जिथं जाल तो दवाखाना अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार नोंदलेला आहे का, ते विचारून घ्या. काहींच्या बाबतीत पुढे उपचार थांबवणंही असेल, किंवा दत्तक. ते ठरवण्याचा हक्क त्या दोघांचा आहे, माझा नाही आणि सासूबाईंचाही नाही.

असं गोळी न देता परत पाठवलं की गिऱ्हाईक तुटतं. ते पुढच्या चौकात जातं आणि बऱ्याचदा तिथं गोळी मिळते. मिस्टर म्हणतात, “आपण नाही दिली म्हणून तिची गोळी थांबली का?” थांबली नाही, हे खरं आहे. तालुक्यातला प्रत्येक काउंटर सारखाच वागेल तेव्हाच नाही म्हणण्याला अर्थ येईल. आणि तेवढ्यानंही भागणार नाही. अंडं बघायची सोनोग्राफी आणि नवऱ्याची तपासणी इथल्या ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या वारी, माफक पैशात झाली तर कुणाला रिकामी स्ट्रिप घेऊन माझ्याकडे यायचं कारणच उरणार नाही. तोवर मी एवढंच करते: गोळी देताना पुढच्या सोनोग्राफीची तारीख विचारते. तारीख ठरलेली नसेल तर आधी डॉक्टरांना फोन लावायला सांगते, बिल त्यानंतर करते.